गोळी चालू, माहिती बंद

"सगळं सांगत बसलं तर पेशंट घाबरतात, आणि मग गोळ्याच बंद करतात."

हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, मेडिकलवाल्याच्या तोंडून ऐकलंय, आणि सगळ्यात जास्त वेळा घरातल्याच शहाण्या मंडळींच्या तोंडून ऐकलंय. बोलणारा प्रत्येक जण ते अगदी काळजीपोटी बोलतो, त्यामुळे कोणी उलटून विचारत नाही. आजचा वीकांत मी या एका वाक्याशी भांडण्यात घालवणार आहे. विषय आहे फिटची, म्हणजे मिरगीची औषधं, त्यांचे दुष्परिणाम, आणि ते दुष्परिणाम जिला भोगायचे आहेत तिलाच न सांगण्याची आपली थोर परंपरा.

आधी दोन खुलासे. पहिला: मी डॉक्टर नाही. साधा इंजिनिअर आहे, आठवडाभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. मूळचा यवतमाळचा. दुसरा खुलासा जास्त महत्त्वाचा, तो नीट वाचा: हा लेख वाचून कोणीही, एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. फिटची गोळी अचानक सोडली तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. बदल करायचा तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. एवढं मान्य असेल तरच पुढे या.

तर मुद्दा असा. भारतात एक कोटीहून जास्त लोकांना मिरगी आहे असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की योग्य औषध मिळालं तर यातल्या साधारण ७० टक्के लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात. म्हणजे ही औषधं काही खलनायक नाहीत. आमच्या भागात झटका आलेल्या माणसाला चप्पल हुंगवणारे आणि मुठीत कांदा कोंबणारे लोक मी स्वतः बघितलेत. त्यांच्यापुढे रोजची एक गोळी म्हणजे वरदानच आहे.

पण वरदानालाही अटी असतात, आणि त्या लिहिलेल्या असाव्या लागतात.

सोडियम व्हॅल्प्रोएट घ्या. मेडिकलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळतं, सरकारी दवाखान्यातही असतं. याची जन्मकथा मजेशीर आहे. हे रसायन १८८२ साली तयार झालं आणि पुढची ऐंशी वर्षं निव्वळ द्रावक म्हणून प्रयोगशाळांत पडून होतं. १९६३ साली फ्रान्समधल्या ग्रनोब्लला पिएर एमार नावाचा संशोधक दुसरीच संयुगं त्यात विरघळवून तपासत होता. जे विरघळवलं ते सगळंच झटके थांबवतंय असं दिसायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की काम आतलं औषध करत नाहीये, द्रावकच करतोय! १९६७ साली ते फ्रान्समध्ये विक्रीला आलं. औषध चांगलं आहे, काही प्रकारच्या मिरगीत तर त्याच्या तोडीचं दुसरं सापडणं कठीण जातं.

आता अटी. गरोदरपणात आई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर १०० पैकी साधारण १० बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग दिसतं: पाठीचा मणका उघडा राहणं, हृदयाचे दोष, दुभंगलेला टाळू वगैरे. एरवी हे प्रमाण १०० मागे २ ते ३ असतं. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येऊ शकतात, स्वमग्नतेचं प्रमाणही वाढतं. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. हे आकडे कुठल्या भोंदू साइटवरचे नाहीत, युरोप आणि ब्रिटनच्या औषध नियंत्रकांचे आहेत. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितलं की मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि बायकांना व्हॅल्प्रोएट देऊ नये. आपल्या देशातही यावर काम झालंय. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ साली मिरगी आणि गरोदरपण यांची नोंदवही सुरू केली. म्हणजे 'हे गोऱ्यांचे आकडे, आपल्याला काय' ही पळवाटही बंद.

यातला खरा घोळ वेळेचा आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेवढ्या दिवसांत बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. आशाताई येऊन नाव नोंदवणार, मग तपासणीची तारीख मिळणार, मग कोणीतरी विचारणार की 'दुसरी काही औषधं चालू आहेत का?' तोवर काही गोष्टी होऊन गेलेल्या असतात. फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, जरूर घ्यावी, पण तिने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही. म्हणजे ही माहिती गरोदर बाईला देऊन उपयोग नाही. ती लग्नाआधी, पाळी सुरू झालेल्या मुलीला आणि तिच्या आईला द्यावी लागते, औषध लिहून देण्याच्या दिवशीच.

माझ्या एका मावसबहिणीला सोळाव्या वर्षी व्हॅल्प्रोएट सुरू झालं. जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव. सात वर्षांत तिने चार डॉक्टर बघितले. वजन वाढलं, केस गळायला लागले, पाळी अनियमित झाली. (हे तिन्ही या औषधाचे माहितीतले दुष्परिणाम आहेत.) घरच्यांनी निष्कर्ष काढला की ही खाते फार आणि तेल लावत नाही. लग्न ठरलं तेव्हा सगळी चर्चा एकाच प्रश्नावर, की मुलाकडच्यांना सांगायचं की नाही. पोटात येणाऱ्या बाळाबद्दल एक अक्षर कोणी काढलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. लग्नानंतर नागपूरला एका न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचा योग आला. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "मूल कधी हवंय?" आणि मग नीट समजावून, काही महिने घेऊन औषध बदललं. ती वाचली. पण तिने मला विचारलेला प्रश्न अजून माझ्याकडे अनुत्तरित पडून आहे: "सात वर्षं मी काय लहान पोरगी होते का रे? मला का नाही सांगितलं कोणी?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी वाचायला बसलो आणि पोचलो थेट १९७३ च्या लंडनला. तिथल्या औषध सुरक्षा समितीसमोर मिरगीच्या औषधांचा गर्भावर परिणाम होऊ शकतो हा विषय आला होता. ठरलं काय, तर डॉक्टरांना कळवायचं, पण पाकिटातल्या पत्रकात घालायचं नाही, उगाच पेशंटच्या नजरेस पडायला नको. हे कागद लोकांसमोर आले २०१७ साली, चव्वेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात १९८२ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातून व्हॅल्प्रोएट आणि पाठीच्या कण्याचे दोष यांचा संबंध दाखवणारी माहिती 'लॅन्सेट'मध्ये छापूनसुद्धा आली होती. म्हणजे ज्ञान होतं, छापलेलं होतं, फक्त गोळी गिळणाऱ्या बाईपर्यंत जात नव्हतं. २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने ब्रिटनमधल्या या सगळ्या प्रकाराचा अहवाल दिला. त्यात बायका पुन्हा पुन्हा तेच सांगतात: आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं तेव्हा कोणी ऐकलं नाही.

फ्रान्समध्ये मारीन मार्तां नावाच्या बाईने २०११ साली पीडित कुटुंबांची संघटना काढली. तिची स्वतःची दोन्ही मुलं या औषधाने बाधित. तिथल्या सरकारी यंत्रणांनी २०१७ साली अंदाज काढला की १९६७ पासून २१५० ते ४१०० मुलं या औषधामुळे मोठं व्यंग घेऊन जन्माला आली. २०२२ साली पॅरिसच्या न्यायालयाने माहिती देण्यात कसूर केल्याबद्दल सानोफी कंपनीला दोषी धरलं. नीट बघा, औषध बनवलं म्हणून नाही, माहिती दिली नाही म्हणून.

आज काय आहे तिथे? फ्रान्समध्ये २०१७ पासून खोक्यावर गरोदर बाईचं चित्र असतं, धोक्याच्या खुणेसकट. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट द्यायचं तर गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था आणि दर वर्षी तज्ज्ञाशी चर्चा बंधनकारक आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: ऑक्टोबर २०२३ पासून तिथे दुकानदाराने व्हॅल्प्रोएट मूळ पाकिटातच द्यायचं, सुटं करून नाही. का, तर सुटं केलं की सूचना गळून पडते.

आता या आपल्याकडे. गल्लीतल्या मेडिकलमध्ये जा. "दहा दिवसांच्या द्या" म्हणा. काउंटरवरची कात्री उचलली जाते, कचकच आवाज येतो, आणि तुमच्या हातात पट्टीचा एक तुकडा पडतो. नशीब चांगलं असेल तर त्यावर औषधाचं अर्धं नाव असतं. मुदत संपायची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, तो कोणा दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला. पत्रक? ते असलंच तर मोठ्या खोक्यात, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, आणि वर लिहिलेलं की हे फक्त नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. म्हणजे १९७३ साली लंडनच्या समितीने जे बंद दाराआड ठरवलं, ते आपण उघडपणे छापतो!

आणि हो, क्यूआर कोड. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मी आयटीवाला, मला आनंदच झाला. मग नियम वाचला. कोडमध्ये काय असतं? औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपायची तारीख, लायसन नंबर. माल खरा की खोटा हे कळायला ठीक आहे. पण हा माल माझ्या बहिणीला चालेल का, याचा एक शब्द नाही. मोबाइलवर अख्खं मराठी पान दाखवता आलं असतं, ऐकवता आलं असतं. आमच्या क्षेत्रात फुकट वाटायचं दीडदमडीचं ॲप काढलं तरी 'माहीत असलेल्या अडचणी' म्हणून यादी जोडावी लागते, नाहीतर टेस्टिंगवाले रिलीज अडवतात. इथे रोज वर्षानुवर्षं गिळायची गोळी आहे आणि यादी फक्त दुकानदाराच्या खोक्यात.

यवतमाळचा माणूस म्हणून मला इथे एक तुलना सुचते, जरा कडवट आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा देशभर बातम्यांत होतं. आता कीटकनाशकाच्या डब्यासाठी कायदा काय सांगतो? १९७१ च्या नियमांनुसार डब्यावर रंगीत त्रिकोण हवा: लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आत पत्रक हवं, आणि ते प्रादेशिक भाषेतही. म्हणजे किडीला मारायच्या औषधावर मराठी पत्रक सक्तीचं, आणि माझ्या बहिणीने पोटात घ्यायच्या औषधावर नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, 'पत्रक होतं ना, मग माणसं का मेली?' बरोबर आहे, मीही तेच म्हणतोय. त्या पत्रकातली अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, एका कागदावर दहा भाषा कोंबलेल्या असतात, आणि रोजाने फवारणाऱ्या मजुराच्या हातात डबा येतो, पत्रक मालकाच्या घरीच राहतं. तेव्हा कागद छापला की जबाबदारी संपली असं मी अजिबात म्हणत नाहीये. माहिती माणसापर्यंत पोचली का, हे तपासणं म्हणजे माहिती देणं. पण जिथे कागदच नाही, तिथे ती पुढची पायरी येणार कुठून?

व्हॅल्प्रोएट एकटंच बदनाम होऊ नये म्हणून बाकीच्या भावंडांचंही सांगतो. फेनिटॉइन घ्या, १९३८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, खेड्यापाड्यात भरपूर चालतं. हिरड्या सुजतात, वाढतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण याची गंमत (गंमत कसली!) गणितात आहे. बहुतेक औषधांचा डोस जितक्या प्रमाणात वाढवाल तितकी रक्तातली पातळी वाढते. फेनिटॉइनचं तसं नाही. यकृताची ते पचवायची क्षमता एका मर्यादेला भरून जाते, आणि तिथून पुढे ३०० मिलिग्रॅमचे ४०० केले तर पातळी थेट दुप्पटही होऊ शकते. मग माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, डोळे लटपटतात. गावात अशा माणसाला काय म्हणतील? 'सकाळी सकाळीच घेऊन आला वाटतं!' घरच्यांना लक्षणं आधी सांगितलेली असतील तर ते दवाखान्यात नेतील. नसतील तर ओरडतील.

याच फेनिटॉइनचा एक किस्सा प्रत्येक प्रोग्रॅमरने वाचावा असा आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला अचानक फेनिटॉइनच्या विषबाधेचे पेशंट यायला लागले. डोस तोच, कंपनी तीच. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये भर म्हणून जी पांढरी पूड घालतात ती बदलली होती, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. त्यामुळे औषध जास्त प्रमाणात शोषलं जायला लागलं. मुख्य कोडला कोणी हात लावला नव्हता, एक फालतू वाटणारी डिपेन्डन्सी बदलली आणि सिस्टिम बसली. आता आठवा, मेडिकलवाला किती सहज म्हणतो, 'तो ब्रँड संपलाय, हा घ्या, सेमच आहे.' डोकेदुखीच्या गोळीत असेल सेम. फिटच्या गोळीत ब्रँड बदलला तर डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, एवढं तरी पेशंटला माहीत असायला नको?

अजून एक, जे मला तर कहर वाटतं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृताचा कारभार असा वाढवतात की गर्भनिरोधक गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. म्हणजे आरोग्य केंद्रातून माला-एन घेणारी बाई नियमित गोळी घेऊनही गरोदर राहू शकते. दोन्ही गोळ्या एकाच सरकारी कपाटातल्या, एकाच सिस्टरने दिलेल्या असू शकतात. दिवस गेले की दोष कोणाला? बाईलाच. 'विसरली असेल एखाद्या दिवशी.' आणि कार्बामाझेपिनचं आणखी: काही विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना, जी आशियाई लोकांत जास्त आढळते, त्यांना अंगावरची कातडी सोलून निघेल इतकी भयंकर ॲलर्जी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली त्याबद्दल ठळक इशारा काढला. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर लगेच दवाखाना गाठायचा, हे एक वाक्य आहे. बोलायला दहा सेकंद लागतात.

आता विरुद्ध बाजू. ती खोटी नाही, आणि तिला हसण्यावारी नेणारा लेख मला लिहायचा नाहीये. ब्रिटनमध्येच माता-मृत्यूंची दर वर्षी छाननी होते. २०२० च्या अहवालात दिसलं की २०१६ ते २०१८ या काळात गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षात मिरगीमुळे अचानक मृत्यू आलेल्या बायकांची संख्या आधीच्या तीन वर्षांच्या जवळपास दुप्पट झाली. म्हणजे झटके मोकळे सोडणंही जीवघेणं आहे, आणि नुसती भीती पसरवणं हा उपाय नाही. मान्य, शंभर टक्के मान्य.

पण मग मला सांगा, गोळ्या अचानक बंद कोण करतं? जिला नीट सांगितलंय ती? की जिला काहीच सांगितलं नाही, आणि सहाव्या आठवड्यात शेजारीण किंवा व्हॉट्सॲप 'अगं, त्या गोळीने पोर वेडं होतं' असं सांगतं ती? लपवलेली माहिती नाहीशी होत नाही, ती अफवा बनून परत येते. आणि अफवेला डोस कळत नाही, 'हळूहळू कमी करा' हे कळत नाही, पर्यायी औषध कळत नाही. पेशंट घाबरतील म्हणून गप्प बसणारे लोक पेशंटला चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाकडून घाबरवून घेतात.

पर्यायी औषधं आहेत का? आहेत. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन यांचा गर्भावरचा धोका व्हॅल्प्रोएटपेक्षा बराच कमी आहे. त्यांचेही नखरे आहेत: लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, मन खचतं, लॅमोट्रिजिन अगदी हळूहळू वाढवावं लागतं, नाहीतर पुरळ येते. पण लेव्हेटिरासिटाम ही काही परदेशी श्रीमंतांची चैन नाही, २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आणि समजा एखादीची मिरगी व्हॅल्प्रोएटलाच दाद देते, दुसऱ्या कशालाच नाही. तर ती बाई सगळं समजून-उमजून ते घेईल, कमीत कमी डोस मागेल, मूल कधी, होऊ द्यायचं की नाही हे ठरवेल. निर्णय तिचा असेल. आज निर्णय झालेला असतो आणि तिला पत्ताच नसतो.

'डॉक्टरांना वेळ कुठे आहे?' हाही प्रश्न खरा आहे. सरकारी ओपीडीची रांग मी बघितलीय, त्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. म्हणूनच छापील, बोललेली, चित्रातली माहिती हवी. मराठीत एक पान, मोठ्या अक्षरात. पट्टीच्या प्रत्येक कप्प्यामागे गरोदर बाईचं छोटं चित्र, म्हणजे कात्री कुठेही चालली तरी ते उरेल. आशाताईंच्या वहीत एक जास्तीचा रकाना: घरात फिटची गोळी घेणारी मुलगी किंवा सून आहे का? यातल्या कशालाही रॉकेट सायन्स लागत नाही.

अजून एक अडसर आहे, आणि तो आपल्या घरात आहे. हिंदू विवाह कायद्यात मिरगी हे लग्न रद्द ठरवायचं कारण होतं, ते १९९९ साली काढून टाकलं. कायदा सुधारून पाव शतक झालं, आपण नाही सुधारलो. स्थळ बघताना फिट लपवायची, सासरी गेल्यावर गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे लपवायच्या, आणि लपवणं जमलं नाही की गोळ्याच सोडायच्या. जी बाई गोळी लपवून खाते ती गोळीबद्दल प्रश्न कोणाला विचारणार? पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्या माझ्यासारख्यांनी 'हे खेड्यातलं' म्हणून सुटायचा प्रयत्न करू नये. दहा लाखांचं पॅकेज असलेले इंजिनिअर स्थळाच्या बायोडेटात हेच करतात, मला माहीत आहे. आणि पुरुष मंडळी, तुम्हीही ऐका: वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील तरी मुलाच्या वाढीवर परिणामाची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून २०२४ साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी पुरुषांसाठीही खबरदारी सांगितली आहे.

तर आता करायचं काय? घरात कोणी फिटची गोळी घेत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना इतकंच विचारा. या औषधाचे कोणते दुष्परिणाम दिसले तर मी लगेच यायचं? एखादा डोस चुकला तर काय करायचं? ब्रँड बदलला तर चालेल का? दुसऱ्या गोळ्यांशी, गर्भनिरोधक गोळीशी याचं जमतं का? आणि मुलगी किंवा बाई असेल तर: पुढे मूल हवं असेल तर हेच औषध ठीक आहे का, आणि नसेल तर बदलायला किती आधी यावं लागेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या. मेडिकलमध्ये अख्खी पट्टी मागा, परवडत असेल तर पूर्ण खोकं आणि आतला कागद मागा. तो इंग्रजी कागद तुम्ही वाचू शकता. तुमची गावाकडची मामी नाही वाचू शकत. तिला फोनवर मराठीत वाचून दाखवा, एवढं इंग्रजी आपण शिकलो ते नुसतं ईमेल पाठवायला नाही.

आणि दुष्परिणाम दिसला तर नोंदवा. भारत सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. सामान्य माणसालाही तक्रार नोंदवता येते, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. ज्या बगचं तिकीटच उघडलेलं नाही तो बग कोणी दुरुस्त करत नाही, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

राहता राहिलं ते सुरुवातीचं वाक्य. 'पेशंट घाबरतात.' हो, घाबरतात. घाबरण्यासारखी गोष्ट असेल तर माणसाने घाबरावं, मग पाणी प्यावं, मग चार प्रश्न विचारावेत, मग ठरवावं. मोठ्या माणसांना अशीच वागणूक द्यायची असते. तेवीस वर्षांची, संसार करणारी, शेतात राबणारी बाई शंभर गोष्टींची भीती पचवून रोज उभी राहते. तिला एका गोळीबद्दलचं खरं पेलणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिच्यासोबत दिवसभर कापूस वेचून बघावा.

असो. बराच तापलोय, चहा टाकतो आता. पण त्याआधी घरी एक फोन करतोय. तुमच्याही घरी, नात्यात, गावात कोणीतरी ही गोळी घेत असेलच. तुम्हीही करा.